सोय झकास, पण उगम सापडतो का? बातम्या पोचवणाऱ्या अ‍ॅपांची झाडाझडती

बातमी वाचायला आता कोणी मुद्दाम जात नाही, ती येते. रीलमधून येते, कॉलेजच्या ग्रुपवर येते, टेलिग्रामवरच्या 'चालू घडामोडीं'तून येते, फोन उघडला की डावीकडच्या फीडमध्ये आधीच येऊन बसलेली असते. त्यामुळे बातम्यांचं अ‍ॅप किती भाषांत आहे, किती वेगात उघडतं, डार्क मोड आहे का, हे तपासण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. ते सगळ्यांकडेच असतं. इथे निकष एकच लावला आहे. समोर आलेली बातमी मुळात कोणी दिली, कधी दिली आणि कशाच्या आधारावर दिली, इथपर्यंत ते अ‍ॅप वाचणाऱ्याला पोचू देतं का?

आकड्यांबद्दल थोडं आधी. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटचा डिजिटल न्यूज रिपोर्ट दरवर्षी निघतो आणि त्यातले भारताचे आकडे इथल्या लेखांत सर्रास फिरतात. २०२४ च्या अहवालात भारतातल्या ५४ टक्के लोकांनी बातम्यांसाठी यूट्यूब आणि ४८ टक्के लोकांनी व्हॉट्सअ‍ॅप वापरत असल्याचं सांगितलं. बातम्यांवर एकंदर विश्वास असणारे ४१ टक्के निघाले. पण ही पाहणी इंग्रजी येणाऱ्या, ऑनलाइन असणाऱ्या, बहुतांशी शहरी आणि तरुण लोकांची असते, हे खुद्द अहवालच सांगतो. गडहिंग्लजचा किंवा गंगाखेडचा मराठी वाचक त्यात जवळपास नाहीच. म्हणून ते आकडे दिशा कळण्यापुरते घ्यावेत. 'मराठी तरुणाचा माध्यमांवरचा विश्वास' असा मथळा त्यांना चिकटवला, तर तो मथळाच फॅक्ट चेकला पाठवायच्या लायकीचा होईल.

सुरुवात व्हॉट्सअ‍ॅप चॅनलपासून, कारण मराठी वृत्तपत्रं आणि वाहिन्या जवळजवळ सगळ्या तिथे आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये भारतात आलेल्या या सोयीची रचना तशी बरी आहे. तुमचा नंबर चॅनल चालवणाऱ्याला दिसत नाही, इतर फॉलोअर्सनाही दिसत नाही. कॉमेंट्स नसल्यामुळे भांडणं नाहीत, फक्त इमोजी. ग्रुपपेक्षा एक गोष्ट मात्र फार महत्त्वाची: चॅनलवरची पोस्ट फॉरवर्ड केली की तिच्यासोबत चॅनलचं नाव आणि त्याची लिंक जाते. पुढच्या माणसाने त्या नावावर टॅप केलं की तो मूळ जागी पोचतो. साध्या ग्रुपवरच्या मेसेजला हे भाग्य नाही. तिथे 'फॉरवर्डेड' एवढाच शिक्का, आणि पाच किंवा त्याहून जास्त हात फिरून आला असेल तर दुहेरी बाण. कोणाचा मेसेज, ते कुठेच नाही.

दुहेरी बाण म्हणजे मेसेज खोटा, असा एक समज रूढ झाला आहे. तसं नाही. तो फक्त फार फिरला आहे एवढंच बाण सांगतो. शिवाय मजकूर कॉपी करून नव्याने पेस्ट केला की बाण गायब होतात, आणि निगरगट्ट अफवा नेमक्या याच वाटेने फिरतात. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली, आणि एप्रिल २०२० पासून दुहेरी बाणवाला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. वेग कमी झाला हे खरं. उगम कळण्याची सोय मात्र ग्रुपमध्ये आजही नाही.

चॅनलच्याही तीन खोडी आहेत. पहिली, चॅनल कोणीही, कोणत्याही नावाने आणि कोणताही लोगो लावून काढू शकतं. 'अपडेट्स' टॅबमध्ये पेपरचं नाव टाकून शोधलं तर सारख्या नावांची रांग लागते. त्यामुळे शोधून फॉलो करूच नये. त्या वृत्तपत्राच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जावं, तिथे दिलेल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकवरून चॅनल उघडावं, मग फॉलो करावं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. दुसरी, चॅनलवरच्या पोस्ट सर्व्हरवर तीस दिवसच राहतात. 'मागच्या महिन्यात यांनीच उलटं छापलं होतं' हे सिद्ध करायला तिथे काही उरत नाही. तिसरी खोड या दोन्हींपेक्षा वाईट: या तीस दिवसांत पोस्ट बदलता येते. चुकीचा मथळा सकाळी हजारोंनी वाचला आणि दुपारी गुपचूप दुरुस्त झाला, तर सकाळच्या वाचकाला ते कळवलं जात नाही. कागदावरच्या पेपरात निदान दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात दिलगिरी तरी यायची. पाचपैकी साडेतीन, तेही लिंकवरून फॉलो केलं असेल तर.

आता स्क्रीनशॉट. हे अ‍ॅप नाही, पण तरुणांमध्ये बातमी सगळ्यात जास्त याच रूपात फिरते, म्हणून त्याचाही रिव्ह्यू व्हायलाच हवा. चॅनलने जपलेलं मूळ नाव, लिंक, वेळ, सगळं एका स्क्रीनशॉटमध्ये पुसलं जातं. उरतो तो वृत्तवाहिनीचा लोगो असलेला चौकोन, म्हणजे 'प्लेट'. निवडणुकीच्या दिवसांत मोठ्या मराठी वाहिन्यांच्या नावाने बनावट प्लेटांचा सुकाळ होतो. पद्धत ठरलेली असते: वाहिनीची खरी जुनी प्लेट घ्यायची, मधला मजकूर पुसायचा, मोबाइलच्या फोटो एडिटरमध्ये नवा टाकायचा.

पकडण्याची जागा अक्षरांत असते. वाहिन्यांचे फाँट ठरलेले असतात आणि एडिटर अ‍ॅपमधला देवनागरी फाँट वेगळा असतो, त्यामुळे नेत्याच्या नावाची ओळ आणि विधानाची ओळ वेगवेगळ्या वळणाची दिसते. रफार जरा बाजूला सरकलेला असतो, 'ऱ्या' फुटलेला असतो, अवतरणचिन्ह एका बाजूलाच असतं. लोगोभोवतीचा भाग धूसर आणि अक्षरं मात्र करकरीत असतील तर मजकूर नंतर चिकटवलेला आहे. तरीही शुद्धलेखनाची चूक हा पुरावा मानू नये, खऱ्या प्लेटांवरही चुका भरपूर असतात. खात्रीचा उपाय कंटाळवाणा आहे: वाहिनीच्या स्वतःच्या पेजवर जाऊन त्या दिवसाच्या पोस्टमध्ये ती प्लेट शोधायची. सापडली नाही तर पुढे पाठवायची नाही.

पेपरच्या कात्रणाचं तर अजून सोपं. कात्रणावर आवृत्ती आणि तारीख नसेल तर ते कात्रण नव्हे, चित्र. तारीख असेल तर त्या दैनिकाचा ई-पेपर उघडून त्या दिवसाची ती आवृत्ती पाहावी. इथे एक घोळ नेहमी होतो. पुणे आवृत्तीत बातमी दिसली नाही म्हणून लोक ती खोटी ठरवतात, आणि ती कोल्हापूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या पानावर असते. आवृत्ती बदलून पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

टेलिग्रामकडे वळायलाच हवं, कारण एमपीएससी आणि सरळसेवा भरतीची तयारी करणाऱ्यांचं वर्तमानपत्र तेच आहे. फॉरवर्ड केलेल्या पोस्टवर मूळ चॅनलचं नाव दिसतं, बदललेल्या पोस्टवर तशी खूण येते, आणि जुन्या पोस्ट तीस दिवसांनी उडत नाहीत. उगम शोधण्याच्या निकषावर हे व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा सरस आहे. घाण आहे ती तिथल्या मजकुरात. पेपरांच्या पीडीएफ फुकट वाटणारी चॅनल तिथे वर्षानुवर्षं चालली; दैनिक जागरणच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये अशी चॅनल बंद करायला सांगितलं होतं. तशी पीडीएफ मिळालीच तर ती मूळ आहे की मध्ये पान घातलेली, हे ई-पेपरशी ताडल्याशिवाय कळत नाही. आणि 'परीक्षा पुढे ढकलली' असं पत्रक आलं की चॅनलचे सदस्य किती लाख आहेत ते बघत बसू नये. आयोगाच्या संकेतस्थळावर प्रसिद्धीपत्रक आहे की नाही, एवढंच पाहावं.

शासन निर्णयाची गोष्ट मात्र खास आपल्या महाराष्ट्राची, आणि फार कमी जणांना माहीत असलेली. कुठलाही जीआर फिरत आला की त्याच्या शेवटाकडे, 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' या ओळीच्या वर, एक परिच्छेद असतो: हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. हा अठरा आकडी संकेतांक म्हणजे जीआरचा आधार क्रमांकच समजा. त्यातले पहिले आठ आकडे तारीख सांगतात: वर्ष, महिना, दिवस. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेच्या २८ जून २०२४ च्या जीआरचा संकेतांक २०२४०६२८ ने सुरू होतो. फोनवर आलेल्या कागदावर डोक्याला एक तारीख आणि संकेतांकात दुसरीच, त्यातही वर्षाचा फरक, असं असेल तर काहीतरी गडबड नक्की आहे. संकेतांकच कापलेला असेल तरीही. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर 'शासन निर्णय' विभागात विभागाचं नाव, तारखांची मर्यादा किंवा थेट संकेतांक टाकून कागद शोधता येतो. सेवा फुकट आहे, दिसायला जुनाट आहे, कधी कधी रडतखडत उघडते. पण विश्वासार्हतेत या यादीतल्या कुठल्याही अ‍ॅपने तिच्या जवळपास येऊन दाखवावं. पूर्ण पाच.

दोन अडचणी लक्षात ठेवाव्यात. खरा जीआर नंतरच्या शुद्धिपत्रकाने किंवा नव्या जीआरने बदललेला असू शकतो, म्हणून त्याच विषयाचे पुढच्या तारखांचे कागदही पाहावे लागतात. आणि पावसाळ्यातला 'उद्या शाळा-महाविद्यालयांना सुट्टी' हा कागद तिथे मिळणारच नाही, कारण तो जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश असतो. त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाचं किंवा जिल्हा माहिती कार्यालयाचं अधिकृत पेज. जुलैत फिरणारे असे कागद अनेकदा खरेच असतात, फक्त गेल्या वर्षीचे, आणि तारखेची ओळ नेमकी कापलेली.

गुगल न्यूजचं मराठी रूप हे तरुणांमध्ये सर्वात दुर्लक्षित आणि आमच्या मते सर्वात उपयोगी साधन. ते आणि फोनच्या डावीकडचं डिस्कव्हर फीड एकच समजलं जातं, पण दोघांत फरक आहे. डिस्कव्हर तुमच्या आवडीवर चालतं. तिथे दोनदा बिबट्याची बातमी उघडली की आठवडाभर बिबटेच. गुगल न्यूजमध्ये निदान एक पान असं आहे जिथे एकाच घटनेवर वेगवेगळ्या संस्थांनी काय दिलं ते शेजारी शेजारी दिसतं. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'भाषा आणि प्रदेश' इथे मराठी आणि त्याखाली दुसरी भाषा म्हणून इंग्रजी निवडावी. मग मोठ्या बातमीखालच्या 'पूर्ण कव्हरेज'च्या चिन्हावर टॅप करायचं. ज्या साइटचा वीट आलाय तिच्या बातमीशेजारच्या तीन टिंबांमधून तो स्रोत लपवता येतो, आणि ही सोय वापरायला लाजू नये, भरपूर वापरावी.

इथे ठेच लागते ती मोजण्यात. बारा साइटवर बातमी आहे म्हणजे बारा जणांनी खात्री केली, असं मुळीच नाही. त्या बाराही ठिकाणी एकाच वृत्तसंस्थेची तीच चार वाक्यं अनुवादित होऊन आलेली असू शकतात. म्हणून साइट मोजू नयेत, बातमीदार मोजावेत. बातमीच्या सुरुवातीला गावाचं नाव आणि 'प्रतिनिधी' आहे का? की 'वेब टीम', 'ऑनलाइन डेस्क'? आत कोणाचं नाव घेऊन विधान आहे, की पहिल्यापासून शेवटपर्यंत 'सूत्रांच्या माहितीनुसार' आणि 'चर्चेला उधाण'? उधाणाची बातमी समुद्राकाठीच बरी. 'प्रकाशित' आणि 'अपडेटेड' या दोन्ही वेळाही पाहाव्यात, कारण फीडमध्ये 'दोन तासांपूर्वी' म्हणून आलेली बातमी आतून वर्षाची शिळी निघू शकते.

तालुक्याच्या बातम्यांना मात्र 'पूर्ण कव्हरेज' जवळपास नसतंच. तिथे एकच स्थानिक पोर्टल असतं, आणि ते खरं-खोटं ठरवायला पानाच्या तळाशी जावं लागतं. संपादकाचं नाव, पत्ता, तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आहे का? २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनंतर जबाबदार पोर्टलांनी हे छापायला सुरुवात केली. जिथे फक्त एक जीमेल आणि जाहिरातीसाठीचा मोबाइल नंबर आहे, तिथल्या बातमीवर पैज लावू नये. गुगलने ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिका आणि भारतात 'पसंतीचे स्रोत' ही सोयही आणली. चालू विषय शोधला की 'मुख्य बातम्या' या शीर्षकाशेजारचं चिन्ह दाबून आपली माध्यमं निवडायची, म्हणजे ती वर दिसतात. चार निवडावीत आणि त्यातलं एक आपल्याला न पटणारं असावं. गुगल न्यूजला एकूण चार गुण. पाचवा कापला तो डिस्कव्हरमुळे.

साठ शब्दांत बातमी देणारी इनशॉर्ट्ससारखी अ‍ॅप घाईच्या वेळी ठीक आहेत. पण साठ शब्दांत काय झालं ते बसतं, कोणी म्हटलं ते कसंबसं बसतं, 'कशावरून' हे बसतच नाही. मूळ बातमीची लिंक उघडणार असाल तर तीन, नाहीतर दीड.

यूट्यूबवर मराठी राजकीय विश्लेषणाचं पीक जोरात आहे आणि त्यातलं काही खरंच अभ्यासू आहे. तरुणांचा विश्वास तिथे संस्थेवर नसतो, चेहऱ्यावर असतो; ते समजण्यासारखं आहे, चेहरा रोज दिसतो. पण चॅनलच्या माहितीत ते कधी सुरू झालं आणि कुठल्या देशातून चालतं, ते पाहायला दहा सेकंद लागतात. वर्णनात कागदपत्रांच्या किंवा बातम्यांच्या लिंक दिल्या आहेत का, हे त्याहून महत्त्वाचं. नावापुढच्या खुणेला फार भुलू नये. यूट्यूबवर एक लाख सबस्क्रायबर झाले की ती मागता येते. चॅनल त्याच माणसाचं आहे एवढंच ती सांगते. एक्सवर भारतात २०२३ पासून निळी टिक विकत मिळते, आणि इन्स्टाग्रामची 'मेटा व्हेरिफाइड' सेवा त्याच वर्षी जूनमध्ये भारतात अ‍ॅपवरून महिना ६९९ रुपयांना सुरू झाली. ओळखपत्र खरं असलं म्हणून बोलणं खरं ठरत नाही. यूट्यूबवरचं 'बदललेला किंवा कृत्रिम आशय' हे लेबलही बऱ्याच अंशी अपलोड करणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून आहे. ज्याला फसवायचंय तो कशाला सांगेल?

शेवटी फॅक्ट चेक सेवा. मराठीत नियमित काम करणाऱ्यांत न्यूजचेकर, फॅक्ट क्रेसेंडो आणि विश्वास न्यूज आहेत. ऑल्ट न्यूज आणि बूम यांची नावं जास्त ऐकू येतात, पण त्यांचं काम वाचायला इंग्रजी किंवा हिंदीचा आधार घ्यावा लागतो. मराठी सेवांची मांडणी चांगली आहे: दावा काय, पडताळणी कशी केली, निष्कर्ष काय. वाचताना निष्कर्षाच्या शिक्क्यावर उडी मारू नये, मधला भाग वाचावा. जुना फोटो कुठे सापडला, कोणाशी फोनवर बोलले, हे तिथे असतं आणि ते आपल्याला पुन्हा करून पाहता येतं. उणीव वेगाची आहे. अफवा संध्याकाळी फिरते, तपासणी बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते, आणि गावपातळीवरची अफवा त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. पीआयबी, म्हणजे केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय, त्याचं फॅक्ट चेक फक्त केंद्र सरकारशी संबंधित दाव्यांपुरतं आहे. खोट्या सरकारी नोकऱ्या, खोट्या योजना, बनावट संकेतस्थळं यांसाठी ते उपयोगी आणि झटपट. पण सरकारवरची टीका खरी की खोटी हे सरकारच ठरवणार असेल, तर ते उत्तर एक बाजू म्हणूनच वाचावं. अशा सरकारी कक्षाला कायद्याचं बळ देणारी माहिती तंत्रज्ञान नियमांतली २०२३ ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली, ती उगाच नव्हे.

एआयने बनवलेल्या आवाजासाठी आणि व्हिडिओसाठी मार्च २०२४ पासून 'डीपफेक्स अ‍ॅनालिसिस युनिट'ची व्हॉट्सअ‍ॅप सेवा आहे. ती सुरू झाली इंग्रजी, हिंदी, तामिळ आणि तेलुगूत. मराठी त्यात नव्हती. मराठी नेत्याच्या आवाजातली क्लिप तपासायची तर एवढ्यावर भागत नाही. शिवाय मागे संगीत घातलेलं असलं, किंवा क्लिप दहा वेळा फॉरवर्ड होऊन पातळ झालेली असली, की आवाज ओळखणारी साधनं डळमळतात.

म्हणूनच यांपैकी कोणालाही काही पाठवायचं तर ते कसं पाठवता याला महत्त्व आहे. स्क्रीनचं रेकॉर्डिंग करून पाठवू नका, मूळ फाइलच पुढे करा. फोटो स्वतः आधी शोधून पाहणार असाल तर वरचा मजकूर आणि लोगो कापून फक्त चित्र गुगल लेन्सला, म्हणजे गुगलच्या चित्रावरून शोधणाऱ्या साधनाला द्या, नाहीतर ते तीच प्लेट शोधत बसतं. लेन्स तारखेनुसार लावून देत नाही. सर्वात जुना फोटो हवा असेल तर टिनआय या चित्र शोधणाऱ्या साइटवर 'सर्वात जुना' ही क्रमवारी निवडा. व्हिडिओ असेल तर चेहरे, पाट्या, गाड्यांच्या नंबरप्लेटा दिसतील अशा तीन-चार ठिकाणी थांबवून फोटो काढा. दुकानाच्या पाटीवरची लिपी बंगाली किंवा ओडिया निघाली, की 'नाशिकमधला प्रकार' बहुतेक वेळा तिथेच मिटतो.